घाट बंद पडला तर कौलारू घरात मुक्काम करावा का लॉज बघावं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की सांगलीहून गुहागरला निघालात, व्याडेश्वराचा अभिषेक ठरलेला, गाडीत सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आणि तिसरीतला मुलगा, आणि पाटणच्या पुढं गेल्यावर कळलं की कुंभार्ली घाटात दरड आलीय, रस्ता बंद. कुणीतरी कोयनानगरच्या अलीकडं एक मातीचं कौलारू घर सुचवलं, फोटो बघून मन झालं पण धीर झाला नाही, मग मागं फिरून कराडला हायवेवरच्या लॉजमध्ये रात्र काढली आणि सकाळी घरी. आता श्रावणात परत जायचंय, परत असंच झालं तर ते घर घ्यावं का, असं विचारताय.

मी साताऱ्याची, पाटण-जावळी-महाबळेश्वर या पट्ट्यात लोकांच्या घरगुती मुक्कामाची सोय लावून देते, हाच माझा धंदा, त्यामुळं पावसाळ्यात अडकलेल्या लोकांचे फोन मला रोजचेच. तुम्ही कराडला गेलात ते त्या वेळच्या माहितीवर ठीकच केलंत. अंधार पडत आलेला, म्हातारं माणूस बरोबर आणि हातात फक्त चार फोटो, एवढ्यावर कुणी अनोळखी घरी मुक्काम ठरवू नये. पण घर चांगलं निघालं असतं तर तीच रात्र सासूबाई अजून सांगत बसल्या असत्या, हेही तितकंच खरं. आणि घर कसं आहे हे घरवाल्याशी फोनवर दहा मिनिटं नीट बोललं की बऱ्यापैकी कळतं, फोटोंचा त्यात फारसा उपयोग नसतो.

आधी रस्त्याचं बोलू, कारण मुक्काम कुठं करायचा हे त्यावर ठरतं. "घाट बंद" म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी असतात. दरड आली, म्हणजे वरनं माती-दगड रस्त्यावर आले, तर जेसीबी लावून काही तासांत, फार तर दुसऱ्या दिवशी एक बाजू मोकळी करतात, आधी छोट्या गाड्या सोडतात, ट्रक-कंटेनर नंतर. पण रस्ता खचला किंवा वाहून गेला असेल तर मग दिवसांचा हिशेब राहत नाही, २०२१ च्या जुलैत आंबेनळीचं तसंच झालं होतं, महाबळेश्वर-पोलादपूर वाहतूक कित्येक दिवस बंद. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारायचा, दरड आलीय का रस्ता खचलाय. विचारायचं कुणाला, तर पाटणच्या एसटी स्टँडवर. तिथल्या कंट्रोलरला चिपळूणच्या गाड्या सोडताय का एवढं विचारा, व्हॉट्सॅपवर फिरणाऱ्या व्हिडिओपेक्षा ते उत्तर शंभरपट खरं असतं कारण त्यांचे ड्रायव्हर स्वतः तिथनं आलेले असतात. नाहीतर जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ आहेच.

दरड असेल आणि उद्या खुला होणार असेल तर पाटण ते कोयनानगर या पट्ट्यात राहण्यात अर्थ आहे, सकाळी उठून पहिल्या लॉटमध्ये घाट उतरता. रस्ता खचला असेल तर कितीही गोड घर असू दे, तिथं अडकून बसू नका. मागं फिरा, कारण तुम्हाला उद्या दुसरा घाट धरायचा आहे.

आता फोन. मी नव्या घराशी पहिल्यांदा बोलते तेव्हा खोली कशी आहे हे विचारतच नाही. मी सांगते की आम्ही अडकलोय, सहलीला आलेलो नाही, एक म्हातारं माणूस आहे, एक पोर आहे, काय काय अडचण होईल तेवढं सांगा. आणि गप्प बसते. जो माणूस म्हणतो "काय अडचण नाही, सगळं फर्स्टक्लास आहे, या तुम्ही बिनधास्त" त्याच्याकडं मी लोकांना पाठवत नाही. जो म्हणतो "ताई, संडास घराला लागून नाही, मागं पंधरा-वीस पावलं जावं लागतंय, लाईट दुपारपासनं नाय, इन्व्हर्टरवर दोन बल्ब चालत्यात, रेंज फक्त बीएसएनएलला अंगणात येती, आणि शेवटचा अर्धा किलोमीटर रस्ता कच्चा हाय, तुमची गाडी खालची असंल तर शाळंपाशी लावा, मी इरलं घिऊन येतो" त्याच्याकडं डोळे झाकून जा. ज्यानं पाच अडचणी न विचारता सांगितल्या त्यानं त्या पाचांवर आधीच काहीतरी विचार केलेला असतो. आमच्या धंद्यात मला एवढी एकच परीक्षा खात्रीची वाटते, बाकी रेटिंगचे तारे आणि "अस्सल गावरान अनुभव" वगैरे मी वाचतसुद्धा नाही. हायवेलगत असली बरीच ठिकाणं झालीत, दारात बैलगाडीचं चाक टेकवलेलं, भिंतीला वारली चित्रं (वारली इथं कुठनं आली देव जाणे), बाहेर "चुलीवरचं जेवण" असा बोर्ड आणि आत गॅसच्या तीन शेगड्या. जेवण चांगलं असतं काही ठिकाणी, नाही असं नाही, पण पैसे सजावटीचे जातात.

एक प्रश्न मात्र आपणहून विचारायचाच, लाईट गेल्यावर पाणी कुठनं येतं. लाईट नसली की मोटर चालत नाही, टाकी संपली की संपली. विहीर आहे, हापसा आहे, डोंगरातनं पाईपनं आणलेलं झऱ्याचं पाणी आहे, यातलं काहीतरी उत्तर आलं पाहिजे. पावसात बुडालेल्या गावात सकाळी संडासला पाणी नाही ही परिस्थिती तुम्हाला हसण्यासारखी वाटत असेल, पण म्हातारं माणूस बरोबर असताना ती हसण्यासारखी नसते.

आणि घराची जागा. इथं मी जराही मऊ बोलणार नाही. २०२१ च्या २२-२३ जुलैला महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आला, माणसं गेली. तेव्हापासनं मी घराच्या मागं काय आहे ते विचारल्याशिवाय कुणाला पाठवत नाही. घराच्या पाठीमागं डोंगर उभा कापलेला असेल, किंवा घर ओढ्याच्या अगदी काठावर असेल, तर खोली कितीही छान असली तरी नको. गावठाणात, चार घरांच्या मधलं, जुन्या वस्तीतलं घर बरं. एकट्या उतारावर व्ह्यूसाठी बांधलेलं कॉटेज पावसाळ्यात मला कधीच बरं वाटत नाही, आणि नेमकं तेच फोटोत सगळ्यात भारी दिसतं. तिथं पोचल्यावरही डोळे उघडे ठेवायचे, उतारावर नवीन भेग दिसली, झाडं-विजेचे खांब कलल्यासारखे वाटले, ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा पाऊस चालू असताना एकदम कमी झालं, तर लाजायचं नाही, घरवाल्याला उठवायचं आणि सगळ्यांनी मिळून शाळेत नाहीतर देवळात जायचं. गावातली माणसं हे तुमच्याआधी ओळखतात, ती निघाली की तुम्ही "बघू थोड्या वेळानं" म्हणू नका. दुसरं म्हणजे कोयना धरणाचे दरवाजे उघडले की नदीचं पाणी चढतं आणि पलीकडच्या गावांना जाणारे बुटके पूल पाण्याखाली जातात, म्हणून घर नदीच्या कुठल्या काठाला आहे ते विचारा. मुख्य रस्त्याच्या बाजूचं असेल तरच घ्या, नाहीतर घाट खुला होऊन तुम्ही पलीकडं अडकलेले.

भूकंपाची भीती काहीजण विचारतात. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा मोठा भूकंप सगळ्यांना ऐकून माहीत असतो, आणि अधूनमधून बारीक हादरे अजूनही बसतात, कधी मांडणीवरची भांडी किणकिणतात आणि घरची मंडळी कूससुद्धा बदलत नाहीत. त्यासाठी मुक्काम टाळायची गरज नाही, फक्त डोक्यावर दगडी भिंतीतला भरलेला फडताळ येईल असं अंथरूण टाकू नका.

आता प्रत्यक्ष रात्र कशी जाते ते सांगते, कारण फोटोत हे दिसत नाही. तुम्ही भिजून पोचता. पडवीत चपला काढायच्या, तिथंच बादलीत पाणी ठेवलेलं असतं, पाय धुवून आत. घर जुनं असेल तर जमीन सारवलेली, पायाला गार लागते, सासूबाईंना मोजे न विसरता द्या. बंब पेटलेला असला तर तुमचं नशीब. तांब्याच्या बंबाला मधनं नळी असते, त्यात जळण टाकतात, पाणी बघताबघता कढत होतं आणि जेवढं गरम काढाल तेवढं गार वरनं ओतायचं असा सरळ नियम, शेवटचा माणूस हे विसरतो आणि बंब कोरडा पडतो. मुलाला हे काम द्या, तो खूश. कपडे चुलीच्या वरच्या दांडीवर वाळतात, सकाळपर्यंत निम्मे सुकतात आणि आठवडाभर धुराचा वास देतात, म्हणून अभिषेकाचं सोवळं आणि चांगली साडी पिशवीतनं बाहेरच काढू नका. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, सकाळी घालताना बूट उलटे करून झटकायचे. पावसात साप-विंचू कोरडी जागा शोधतात, यात घाबरण्यासारखं काही नाही पण रात्री अंगणात जायचं झालं तर बॅटरीशिवाय आणि अनवाणी जायचं नाही. रानात फिरलात तर जळवा चढतात, मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावलं की सुटतात, ओढून काढू नका.

अंथरुणाचं एक बघाच. पावसाळ्यात गोधड्या सर्दावलेल्या असतात, स्वच्छ धुतलेल्या असल्या तरी दमटपणा राहतो, दमा किंवा संधिवात असलेल्या माणसाला तो रात्रभर जाणवतो. घोंगडी मागा. घोंगडी टोचते पण ओल धरून बसत नाही, खाली घोंगडी, वर आपली घरनं नेलेली चादर, झालं. मी प्रत्येकाला सांगते की पावसाळ्यात डिकीत दोन जाड चादरी टाकून ठेवा, लॉजवर राहिलात तरी उपयोग होतो, लॉजच्या चादरींबद्दल मी काही बोलत नाही.

सासूबाईंचा खरा प्रश्न जेवण किंवा झोप हा नसतोच, संडास हा असतो. भारतीय पद्धतीचा असेल आणि गुडघे दुखत असतील तर आधी विचारा, बऱ्याच घरांत आता कमोडची प्लास्टिकची खुर्ची असते, नसली तर शेजारच्या घरातनं आणून देतात, पण आधी सांगितलं तर. परसात जाणारी वाट फरशीची असेल तर तिच्यावर शेवाळं चढलेलं असतं, दोन पोती अंथरून द्या म्हणावं, ते पोतं अंथरणं दिसायला काहीच नाही पण पावसाळ्यातली निम्मी पडझड तिथंच होते. रात्री एकटं सोडू नका. बीपी-शुगरच्या गोळ्या ठरलेल्या दिवसांपेक्षा दोन दिवसांच्या जास्त, आणि त्या हातातल्या पर्समध्ये, डिकीत नाही. इमर्जन्सीला १०८. मोठं हॉस्पिटल म्हणजे कराडच, तेव्हा ज्यांना हृदयाचा त्रास आहे, नुकतं ऑपरेशन झालंय, डायलिसिस चालू आहे, त्यांनी कौलारू घराचा विचारच करू नये, सरळ कराडला जावं. इथं हौस चालत नाही.

जेवायचं म्हणाल तर तुम्ही श्रावणात जाताय, बऱ्याच घरांत त्या महिन्यात मटण-मासा शिजतच नाही, त्यामुळं "गावरान कोंबडी मिळेल का" हा प्रश्न गिळा. मिळेल ते असं, तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी, घेवड्याची नाहीतर हरभऱ्याची आमटी, पिठलं, खर्डा, भात, दूधदुभतं असेल तर ताक. एवढं अचानक आलेल्या पाच माणसांना गरम मिळतंय म्हणजे त्या बाईनं तासभर चुलीसमोर डोळे चोळलेत हे लक्षात असू द्या. मुलगा खर्डा खाणार नाही, दूध-भात मागून घ्या. आणि पोचायच्या दोन तास आधी फोन करून किती माणसं जेवणार ते सांगा, रात्री नऊला दारात उभं राहून जेवण विचारणं बरं दिसत नाही. पाटणच्या बाजारातनं येताना भाजी, दूध, बिस्किटं घेऊन जा, विचारून, "काही आणू का" म्हटलं की मोकळेपणानं सांगतात, पाऊस लागला की त्यांनाही दुकानापर्यंत जाणं जिवावर येतं. चुलीपाशी बसायचं असेल तर आधी विचारा, काही घरांत चालतं, काहींत नाही, आणि देवघर असेल तर तुम्हाला सांगायला नको.

पैशाचं. आमच्या भागात बहुतेक घरं माणशी घेतात, रात्रीचं जेवण, सकाळचा चहा-नाश्ता धरून, खोलीवर नाही, म्हणून चार-पाच माणसांचा हिशेब कधी कधी कराडच्या लॉजइतकाच होतो, स्वस्त पडेल या आशेनं जाऊ नका. फोनवरच आकडा विचारा, मुलाचं अर्धं का पूर्ण तेही. अडकलेल्या माणसाकडनं दुप्पट घेणारे आहेत, ते फोनवर आकडा टाळतात, "या तर खरं, बघू" म्हणतात, तिथं जाऊ नका. रोख ठेवा, टॉवरच बंद पडला तर यूपीआय काय कामाचं. पेट्रोल पाटणलाच फुल करा. ओळखपत्र मागतात, द्यायलाच पाहिजे, पण आधारची झेरॉक्स देताना मास्क्ड आधार द्या, शेवटचे चारच आकडे दिसतात. पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेत किंवा २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणी केलेलं घर असेल तर चांगलंच, पण मी नोंदणीच्या बोर्डावरसुद्धा तेवढ्यानं विसंबत नाही, फोनवरची ती दहा मिनिटं सोडत नाही.

गुहागरच्या बुकिंगचे पैसे बुडाले असं लिहिलंय. तिथं बहुतेक लोक दुसऱ्या दिवशी फोन करून रिफंड मागतात, आणि मालक नाही म्हणतो. घाट बंद आहे हे कळल्या कळल्या, चेक-इनच्या वेळेच्या आत फोन करा, लगेच व्हॉट्सॅपवर लिहून पाठवा, बंद रस्त्याचा फोटो जोडा, आणि पैसे परत मागायच्या ऐवजी तारीख बदलून मागा. कोकणातला हॉटेलवाला पावसाळ्यात तारीख बदलून द्यायला बहुतेक वेळा तयार असतो, त्याच्या खोल्या तशाही रिकाम्याच असतात. तुम्ही आता परत जाताय तर त्याच मालकाला एकदा विचारून बघा, काहीतरी कमी करेल. अभिषेकाचं गुरुजींना सांगून ठेवा की पावसावर आहे, त्यांना हे नवीन नाही.

एक दिवस जास्त काढायची वेळ आली तर मुलाला घेऊन कोयनानगरचं नेहरू उद्यान आहे, पाऊस उघडला तर नवजाच्या अंगाला ओझर्डेचा धबधबा, आणि मागच्या बाजूला राहिलात तर उंब्रजजवळ चाफळचं राममंदिर, सासूबाईंना ते जास्त आवडेल. धबधब्यात उतरू देऊ नका, वर पाऊस झाला की खाली पाणी कधी वाढतं ते कळतसुद्धा नाही.

आता श्रावणात निघताना. आदल्या दिवशी पेपरात कोयना, नवजा, महाबळेश्वर या तिघांच्या पावसाचे आकडे येतात ते बघायचे. हवामान खात्याच्या हिशेबात चोवीस तासांत ११५ मिलिमीटरच्या वर म्हणजे अतिमुसळधार आणि २०४ च्या वर म्हणजे त्याहून भयंकर, तिघांतला कुठलाही आकडा दोनशेच्या पुढं असेल आणि पुढच्या दिवशीही रेड अलर्ट असेल तर निघूच नका, अभिषेक पुढच्या सोमवारी होईल. आकडे बरे असतील तर पहाटे निघा, कुंभार्ली दुपारच्या आत उतरलेला बरा, संध्याकाळी त्या घाटात धुकं असं येतं की बॉनेट दिसत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निर्णय पाटणला पोचून करू नका, सांगलीहून येताना हायवेला लागता त्या पेठ नाक्यावर करा. तिथं चहाला थांबा, पाटण स्टँडला फोन लावा, माझ्यासारख्या कुणालातरी किंवा ज्या घराशी आधी बोलून ठेवलंय त्यांना फोन लावा. घाट चालू असेल तर कराड-पाटणमार्गे सरळ. दरड असेल आणि उद्याची खात्री देत असतील तर आरामात दुपारी त्या घरी पोचा, उजेडात, म्हणजे घराच्या मागं काय आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. रस्ता खचला असेल तर पेठवरनंच शिराळा-कोकरूड-मलकापूर धरून आंबा घाट, साखरपा, देवरूख, संगमेश्वर आणि मग चिपळूणकडं, लांब पडतं, रस्ता काही ठिकाणी कंटाळवाणा आहे, पण आंबा चालू आहे का तेही निघण्याआधी मलकापूर स्टँडला विचारून घ्या कारण जोराच्या पावसात तोही बंद पडतो. दोन्ही घाट बंद असतील तर पेठवरनं सांगली तासा-दीड तासावर आहे.